ट्रॉलीवरचं बिऱ्हाड, बिऱ्हाडातली मोटरसायकल

ट्रॉलीत सगळ्यात शेवटी चढते ती मोटरसायकल. तिच्याआधी सगळा संसार चढलेला असतो. तळाशी ज्वारी-गव्हाची पोती, कारण ती जड आणि पुढचे पाच-सहा महिने पुरवायची. त्यावर कोपीचे, म्हणजे फडावरच्या झोपडीचे बांबू, ताडपत्री, दोन-चार पत्रे. मग पाण्याचा निळा ड्रम, पत्र्याची पेटी, भांड्यांचं बोचकं, पाच किलोचा गॅस सिलिंडर, सरपण, गोधड्या, कोंबड्यांचं डालगं. शेळी असली तर ती फाळक्याला बांधलेली. कोयते पोत्यात गुंडाळून, धार आतल्या अंगाला करून. एवढं झालं तरी मोटरसायकल खालीच असते, कारण ती अजून कामावर असते. कुणी तिच्यावरून गिरणीतलं शेवटचं दळण आणतो, कुणी शाळेतून मुलाचा दाखला, कुणी म्हाताऱ्या आईच्या बीपीच्या गोळ्या दोन महिन्यांच्या एकदम घेऊन येतो. मग ट्रॅक्टर सुरू होतो, मुकादम हाका मारायला लागतो आणि मोटरसायकल घाईघाईने फळीवरून वर ढकलली जाते. जिथे जागा उरली असेल तिथे, म्हणजे ट्रॉलीच्या अगदी मागच्या टोकाला.

या मागच्या टोकाबद्दल मला बरंच लिहायचं आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या माणसांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिलं गेलं. उचल म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, मुकादम, कोपीतली बाळंतपणं, मुलांची सुटलेली शाळा. ते सगळं खरं आहे आणि अजून पुरेसं लिहून झालेलं नाही. पण ट्रॉलीवर बांधलेल्या मोटरसायकलकडे कुणी थांबून पाहिलेलं मला वाचायला मिळालं नाही. माझ्या मते गेल्या पंधरा-वीस वर्षांत या बिऱ्हाडात आलेली सगळ्यात महत्त्वाची वस्तू तीच आहे. मोबाइलपेक्षाही. आणि ती नेण्याची आपली पद्धत माणसाच्या जिवावर उठणारी आहे.

बुलढाण्याहून धाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पैनगंगेच्या काठी देऊळघाट आहे. पैनगंगा याच तालुक्यात, मढजवळच्या बुधनेश्वराला उगम पावते. देऊळघाटाला ती अजून लहान असते, पुढे मेहकरकडे जाता जाता अंग धरते. बुलढाणा जिल्ह्याचे लोक आपला मुलूख दोन भागांत सांगतात, घाटावरचा आणि घाटाखालचा. मोताळा, मलकापूर, नांदुरा, शेगाव घाटाखाली; बुलढाणा, चिखली, मेहकर, सिंदखेडराजा घाटावर. देऊळघाट घाटावरचं. इथून धाडमार्गे छत्रपती संभाजीनगर, तिथून अहिल्यानगर आणि पुढे पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर. दसरा उलटला, दिवाळी जवळ आली की या रस्त्याला दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर दिसू लागतात. 2024 चा गाळप हंगाम 15 नोव्हेंबरला सुरू झाला. त्याआधी ऊसतोडीची टोळी कारखान्याच्या हद्दीत पोचून कोप्या उभ्या करून तयार हवी, म्हणून निघण्याची गडबड दिवाळीच्या आगेमागेच होते.

हे सगळं रस्त्यानेच का, असा प्रश्न बाहेरच्या माणसाला पडू शकतो. बुलढाणा हे जिल्ह्याचं ठिकाण, पण तिथे रेल्वे नाही. गाडी पकडायची तर घाट उतरून मलकापूर. खामगावला जलंबहून एक लहानसा फाटा येतो, तिथेच संपतो. खामगाव-जालना रेल्वेमार्गाची मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे. तिच्यावर आंदोलनं झाली, सर्वेक्षणं झाली, निवडणुका झाल्या. आणि समजा रूळ असते, तरी टोळीला त्यांचा फारसा उपयोग झाला नसता. रेल्वेच्या पार्सल डब्यातून मोटरसायकल पाठवता येते. त्यासाठी टाकीतलं पेट्रोल पूर्ण काढावं लागतं, गाडीच्या कागदांची प्रत द्यावी लागते, गोणपाट-पेंढा लावून बांधून घ्यावी लागते आणि मग ती पोचते स्टेशनवर. टोळीला पोचायचं असतं उसाच्या फडाशेजारच्या एका माळावर, ज्याचं नाव निघताना तिलाही माहीत नसतं. समृद्धी महामार्ग याच जिल्ह्यातून, मेहकर आणि सिंदखेडराजावरून गेला आहे, पण त्यावर दुचाकीला आणि ट्रॅक्टरला मज्जाव आहे. वेगाच्या रस्त्यावर तो नियम असायलाच हवा. म्हणून ही वाहतूक जुन्या रस्त्यांवर राहिली: धाड, भोकरदन, सिल्लोड, गावागावातले गतिरोधक, बाजाराच्या दिवशीची गर्दी, रात्रीचा अंधार. भरलेल्या ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर तासाला 25-30 किलोमीटर चालतो. कोल्हापूरपर्यंतचं अंतर पाचशे किलोमीटरहून जास्त आहे. मध्ये चहा, मुलांची शी-शू, पंक्चर, एखादा नाका. दोन दिवस सहज जातात.

जगात दुसरीकडेही लोक घर ओढत नेतात आणि घराबरोबर मोटरसायकल नेण्याचा प्रश्न त्यांनाही पडतो. अमेरिकेत फिफ्थ-व्हील कॅम्पर नावाचं ओढघर असतं. पुढे पिकअप ट्रक. त्याच्या हौद्यात, मागच्या आसाच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे, घोड्याच्या नालेसारखी एक जाड लोखंडी थाळी. ओढघराच्या पुढच्या, उंच उचललेल्या भागाखालून एक पोलादी खुंटी खाली येते आणि त्या थाळीत अडकते. आपल्याकडे कंटेनर ओढणारे ट्रेलर याच जोडणीवर चालतात. आपल्या 1988 च्या मोटार वाहन कायद्यात अशा वाहनाला सेमी-ट्रेलर म्हटलं आहे, म्हणजे ज्याच्या वजनाचा काही भाग ओढणारं वाहन स्वतःच्या अंगावर घेतं. फिफ्थ-व्हीलमध्ये घराच्या वजनाचा साधारण 15 ते 25 टक्के भार ट्रकवर येतो, म्हणून ते मागे हेलकावत नाही. मोटारीमागे अशी जोडणी लावून फिरतं घर ओढण्याची कल्पना ज्यांनी रुजवली त्यांत ग्लेन कर्टिस हे नाव पहिलं घेतात. विमानं बांधणारा म्हणून तो जगाला माहीत आहे, पण सुरुवात त्याने सायकली आणि मोटरसायकलींपासून केली. जानेवारी 1907 मध्ये फ्लोरिडाच्या समुद्रकिनाऱ्यावर स्वतः बनवलेल्या आठ सिलिंडरच्या मोटरसायकलवर तो ताशी 136 मैलांच्या वेगाने गेला होता. 1920 च्या दशकाच्या अखेरीस त्याच कर्टिसची ‘एअरोकार’ ही ओढघरं रस्त्यावर आली.

मोटरसायकलवेड्या माणसाने घडवलेल्या या घरात मोटरसायकलला जागा मात्र सहज सापडत नाही. ट्रकचा हौदा जोडणीने अडवलेला, घरात बिछाने आणि स्वयंपाकघर. मग लोक काय करतात? काही जण मागे खास खोली असलेलं घर घेतात, मागची भिंत खाली पडून तिचाच उतार होतो आणि गाडी चालवत आत नेता येते. काही जण ट्रकच्या नाकासमोर कठडा बसवतात. काही राज्यांत घरामागे आणखी एक लहान ट्रेलर लावायला परवानगी आहे. आणि पुष्कळ जण सगळ्यात सोपं ते करतात: घराच्या मागच्या बंपरला लोखंडी कठडा लावून त्यावर गाडी टांगतात. हीच गोष्ट धोक्याची आहे, असं तिथले जाणते लोक सांगतात, कारण मागे टांगलेलं ओझं पुढच्या खुंटीवरचा भार उचलतं.

देऊळघाटच्या रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रॉलीचं दुखणं नेमकं हेच आहे. बैलगाडीच्या काळातल्या शेतकऱ्याला ते कुणी शिकवावं लागत नव्हतं. गाडी मागे जड भरली की ती उलार होते, जू वर उचलतं, बैलांच्या माना सुटतात. एका आसाच्या ट्रॉलीचं गणित तेच आहे. एक साधी शंभर सीसीची मोटरसायकल 110 ते 120 किलोची असते. ती आसाच्या दीड मीटर मागे ठेवली आणि ट्रॅक्टरचा हूक आसाच्या तीन मीटर पुढे असला, तर हुकावरचा जवळजवळ साठ किलो भार कमी होतो. एका गाडीने काही बिघडत नाही. पण एका टोळीत आठ-दहा जोडपी असतात आणि त्यांच्या तीन-चार गाड्या असतात. चार गाड्या मागच्या टोकाला उभ्या केल्या की सव्वादोनशे किलोहून जास्त भार हुकावरून निघून जातो. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड तेवढी सैल होते, ट्रॉली आडवी हेलकावू लागते आणि उतारावर ती ट्रॅक्टरला ढकलते. दोन ट्रॉल्या असल्या तर मागची ट्रॉली पुढचीला ओढते आणि हेलकावा मागे मागे वाढत जातो. चार चाकांच्या ट्रॉलीत हुकावर भार येत नाही; तिथे पुढचा आस हलका होतो, वळणावर तो नीट धरत नाही. शेवटी चढली म्हणून शेवटी राहिली, एवढ्या एका सवयीने हे सगळं घडतं.

आता बांधण्याकडे वळू. टोळीतली चढवण्याची पद्धत अशी. एक जाड फळी ट्रॉलीला टेकवतात. एक जण हँडल धरून वर, दोघे मागून. पुढचं चाक फाळक्याला किंवा धान्याच्या पोत्याला टेकवतात. गाडी बाजूच्या स्टँडवर कलती ठेवतात. मग नायलॉनची दोरी, तीही पुरली नाही तर जुन्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्या. ट्यूब ताणून बांधली की ती घट्ट वाटते, पण रबर प्रत्येक धक्क्याला लांबतं. दहा-वीस किलोमीटर गेल्यावर गाडी नाचायला लागते. मग कुणीतरी पोरगं तिच्याजवळ बसवतात, हँडल धरायला. एक तरुण मुलगा शंभर किलोहून जड लोखंड रात्रभर हाताने सांभाळतो. हे मी पाहिलेलं आहे आणि ते पाहिल्यावर गप्प बसवत नाही.

बांधण्याची बरोबर पद्धत अवघड नाही, खर्चीकही नाही. गाडी सरळ उभी, पुढचं चाक दोन बाजूंनी अडवलेलं, म्हणजे ते डावीकडे-उजवीकडे वळणार नाही. ट्रक-टेम्पोवाल्यांकडे मिळतात तसे खटका असलेले चार पट्टे: दोन पुढच्या फोर्कच्या खालच्या जोडाला, दोन मागच्या कॅरिअरच्या किंवा चौकटीच्या पक्क्या भागाला, चारही बाहेरच्या दिशेने तिरपे. हँडलच्या मुठीला बांधायचं नाही, मूठ फिरते आणि हँडल वाकतं. पुढचे शॉकअप साधारण निम्मे दबतील इतका ताण द्यायचा. कमी दिला तर खड्ड्यात पट्टा सैल पडतो, पार दाबून ठेवला तर दोन दिवसांत तेलाचं सील जातं. गाडी गिअरमध्ये, म्हणजे मागचं चाक सरकत नाही. हँडल-लॉक लावायचा नाही. आरसे काढून पिशवीत. अर्ध्या तासाने थांबून एकदा पट्टे पुन्हा आवळायचे, कारण पहिल्या अर्ध्या तासात सगळं सामान बसतं आणि सगळं सैल होतं.

आणि पेट्रोल. 1 एप्रिल 2020 पासून नव्या गाड्या भारत स्टेज सहाच्या आल्या, त्यांतल्या बहुतेकांत इंधन इंजेक्शन आहे. पण टोळीत गाड्या बहुतेक जुन्या, कार्ब्युरेटरच्या. त्या कलत्या ठेवल्या आणि कॉक उघडा राहिला की पेट्रोल थेंबथेंब बाहेर येतं. खाली गोधड्या असतात, शेजारी गॅस सिलिंडर असतो, वर कुणीतरी विडी पेटवतो. म्हणून टाकीत लिटरभरच ठेवायचं आणि कॉक बंद करायचा. ‘भाऊ, कॉक बंद केला का?’ एवढं विचारणारा एक माणूस प्रत्येक टोळीत हवा. चांगला मुकादम विचारतो. पण सगळं चांगल्या मुकादमावर सोडून चालणार नाही.

इतका त्रास आहे तर मोटरसायकल न्यायचीच कशाला, असं म्हणणारे भेटतात. बहुतेक ते गावात, बाजारपेठेच्या अंगाला राहणारे असतात. कोपी कुठे असते ते त्यांनी पाहावं. फडाच्या कडेला, कालव्याच्या काठाला, कधी कारखान्याच्या मागच्या मोकळ्या माळावर. दुकान दोन-तीन किलोमीटर, गिरणी तेवढीच, दवाखाना त्याहून लांब. आज या फडात तोड, उद्या कारखान्याचा चिटबॉय सांगेल त्या फडात. कोपी तिथेच, काम चार कोस पुढे. पहाटे तीन-चारला उठून फडात पोचायचं. वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकायचं तर ते जनावरवाल्याच्या दारापर्यंत न्यायचं. मोबाइल चार्ज करायचा तर तो जिथे वीज आहे तिथे न्यायचा. हे सगळं एका मोटरसायकलने होतं. एका गाडीवर तीन-चार कोप्यांचा बाजार येतो.

पण खरी गरज लागते रात्री. लेकराला ताप चढला, बाईला कळा सुरू झाल्या, कुणाच्या पायावर कोयता बसला, फडात साप निघाला. 108 ची रुग्णवाहिका महाराष्ट्रात 2014 पासून आहे आणि तिने असंख्य जीव वाचवले. पण ती बोलवायची तर पत्ता सांगावा लागतो. बुलढाण्याहून गेलेल्या माणसाला सांगलीच्या एका शिवाराचं नाव, गट नंबर, कुठल्या फाट्यावरून वळायचं, हे कुठून माहीत असणार? मग एक जण मोटरसायकल घेऊन डांबरी रस्त्यापर्यंत जातो, गाडी येईपर्यंत फाट्यावर उभा राहतो आणि पुढे होऊन तिला कोपीपर्यंत आणतो. किंवा वाट न पाहता आजाऱ्याला मध्ये बसवून, मागे एकाला धरायला बसवून, थेट प्राथमिक आरोग्य केंद्र गाठतो. कायद्याने दुचाकीवर मागे एकच माणूस बसू शकतो. त्या रात्री तो नियम पाळत बसा, असं मी कुणाला सांगणार नाही.

एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. गाडी चालवतो तो बहुतेक पुरुषच. तो रात्री ट्रॉली भरायला गेला की कोपीत राहिलेल्या बाईजवळ गाडी असून नसल्यासारखी. जोडप्यातले दोघे मिळून एक कोयता धरला जातो, मोबदला दोघांच्या अंगमेहनतीवर मिळतो, उचलही दोघांच्या जिवावर घेतली जाते. गाडीचं हँडल तेवढं एकाच्या हातात. शासनाने ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी वसतिगृहं काढली, 2019 मध्ये गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ स्थापन केलं, त्यासाठी टनामागे पैसे उभे करण्याची तरतूद झाली. त्या पैशातून बायकांना दुचाकी शिकवून परवाना काढून देण्याचा एक कार्यक्रम घेतला, तर तो फुकट जाणार नाही.

काही जण गाडी ट्रॉलीत चढवतच नाहीत, चालवत नेतात. ट्रॅक्टरच्या मागे किंवा पुढे, पाचशे किलोमीटर. शंभर सीसीची गाडी लिटरला साठ किलोमीटर देते असं धरलं तर आठ-नऊ लिटरमध्ये पोचते, म्हणजे पैशाच्या दृष्टीने ते परवडतं आणि चढवण्या-उतरवण्याची कटकट वाचते. पण हा पर्याय मला सगळ्यात भयंकर वाटतो. तासाला 25 किलोमीटरने रांगणाऱ्या ट्रॉलीमागे दुचाकी चालवणं म्हणजे डोळ्यांवर झोप ओढवून घेणं. ट्रॉलीला मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर चिखलाने भरलेला असतो किंवा नसतोच. दरवर्षी हंगामाच्या तोंडावर पोलीस आणि परिवहन विभाग रिफ्लेक्टर लावण्याच्या मोहिमा घेतात, ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांना मागून धडकून दुचाकीस्वार गेल्याच्या बातम्या तरी दरवर्षी येतात. ज्या ट्रॉलीत बायको-लेकरं आहेत तिच्याच मागे नवरा दुचाकीवर, आणि त्याच्या मागून येणाऱ्या भरधाव ट्रकला दोघांपैकी एकही दिसत नाही.

माणसं आणि माल एका पेटीत घातल्यावर काय होतं, हे या जिल्ह्याने पाहिलेलं आहे. 20 ऑगस्ट 2021 रोजी सिंदखेडराजा तालुक्यात तढेगावजवळ समृद्धीच्या कामाचं लोखंड घेऊन जाणारा टिप्पर उलटला. मजूर त्या लोखंडावरच बसलेले होते. 13 जण गेले. गाडीचा वेग, खड्डा, पाऊस यांची चर्चा झाली. पण ते 13 जण लोखंडाखाली सापडले, कारण ते लोखंडाबरोबर होते. ट्रॉलीत सळ्या नसतात. तिथे पत्रे असतात, बांबू असतात, कोयते असतात आणि शेवटी चढवलेली मोटरसायकल असते. ट्रॉली उलटली तर ती माणसांच्या अंगावरच येणार.

कायदा आंधळा नाही. मालवाहू वाहनातून अशी माणसं भरून नेणं नियमांत बसत नाही. 2019 च्या दुरुस्तीने वाहनाच्या बाहेर डोकावणाऱ्या मालाला, मग तो बाजूने असो, मागून असो की वरून, वीस हजार रुपयांचा दंड आला. ट्रॉलीच्या मागे टांगलेलं मोटरसायकलचं चाक त्यात बसतं. अपघात झाला तर ट्रॉलीत बसलेल्या मजुरांच्या भरपाईला विमा कंपन्या अनेकदा हरकत घेतात, ते प्रवासी म्हणून नोंदलेले नव्हते म्हणून. म्हणजे नियम आहे, दंड आहे, आणि तो शेवटी पडतो ज्याच्या खिशात उचलीचे पैसेही उरलेले नाहीत त्याच्यावर. रस्त्यात अडवून पावती फाडल्याने ट्रॉलीतली बाई एसटीत बसत नाही. तिला एसटीत बसवायचं तर तिकिटाचे पैसे आणि ती बस कुणीतरी आधी ठरवायला हवी.

असं फिरतं बिऱ्हाड एवढंच नाही. सोयाबीन काढणीला आणि पुन्हा गहू-हरभऱ्याच्या वेळी पंजाबातून कापणीयंत्रं महाराष्ट्रात उतरतात. ती हार्वेस्टर घाटावरच्या गावांतही दिसतात. चालवणारे तीन-चार जण महिनोन्‌महिने घराबाहेर. गोधड्या, रेशन, हत्यारं सगळं बरोबर. पुढचा रुंद कटर काढून मागे छोट्या गाडीवर लांबट ठेवतात आणि यंत्राच्या मागच्या अंगाला बसवलेल्या लोखंडी चौकटीत मोटरसायकल बांधलेली असते. गावात शिरल्यावर यंत्र चौकात थांबतं, मोटरसायकल उतरते आणि एक जण शेतं बघायला, भाव ठरवायला, डिझेल आणायला सुटतो. यंत्र लाखोंचं, पण काम मिळवून देते ती मोटरसायकल. हे त्यांना पक्कं कळलेलं आहे, म्हणूनच तिच्यासाठी त्यांनी आधी जागा करून ठेवली, वेल्डिंग करून, मोजून. शिवाय यंत्राला उलार होण्याची भीती नाही, ते स्वतःच्या चाकांवर चालतं आणि त्याचं वजन टनांत असतं. ऊसतोडीच्या ट्रॉलीत नसलेली गोष्ट नेमकी हीच, आधी ठरवलेली जागा. होळीच्या दिवसांत पिंपळगाव सराईजवळच्या सैलानीच्या यात्रेला येणाऱ्या टेम्पो-ट्रॅक्टरांतही तीच तऱ्हा दिसते. राहुट्या, भांडी, आजारी माणूस आणि सगळ्यात मागे दोरीने आवळलेली दुचाकी.

महाराष्ट्र सरकारने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. फिरत्या घरातून सुट्टी घालवणाऱ्यांसाठी वाहनतळ, पाणी, वीज, सांडपाण्याची सोय, असा विचार त्यात आहे. चांगला विचार आहे. फिरत्या घरांना थांबण्याच्या जागा लागतात, हे सरकारला मान्य आहे तर मग महाराष्ट्रातलं सगळ्यात मोठं फिरतं घर कुणाचं, हेही पाहावं. दरवर्षी लाखो माणसं सहा महिने असं घर घेऊन हिंडतात. त्यांना वाटेत ट्रॉली उभी करायला उजेडाची जागा, एक नळ आणि दोन संडास मिळाले, तर रात्रीचा प्रवास टळेल. रात्रीचा प्रवास टळला तर निम्मे अपघात टळतील, असं मला मनापासून वाटतं.

आता मोटरसायकलच्या जागेचं. मला सुचतं ते देऊळघाट, धाड, बुलढाणा इथल्या कुठल्याही वेल्डिंगवाल्याला एका दिवसात करता येण्यासारखं आहे. ट्रॉलीच्या मागच्या टोकाऐवजी आसाच्या थोडं पुढे, आडवी, एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत, लोखंडी चॅनेलची पन्हळ बसवायची, चाक आत बसेल एवढी रुंद. एका पन्हळीत एक गाडी. तीन गाड्या असतील तर शेजारी शेजारी तीन. मोटरसायकलची लांबी साधारण दोन मीटर, ट्रॉलीची रुंदीही तेवढी किंवा थोडी जास्त, म्हणजे गाडी आडवी बसते आणि चाक बाहेर डोकावत नाही. रुंदी कमी पडली तर पन्हळ किंचित तिरकी लावायची. पन्हळीच्या दोन्ही टोकांना तळाला चार-चार कड्या, पट्टे अडकवायला. त्या ठिकाणचा बाजूचा फाळका बिजागरीवर उघडणारा हवा. ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. बाजूने उघडला की गाडी शेवटी चढवली तरी पुढच्याच जागी बसते. दळण आणायला, दाखला आणायला ती शेवटपर्यंत खाली राहू शकते. सवय मोडावी लागत नाही, फक्त दार दुसरीकडे काढायचं. आणि पन्हळ आणि माणसं यांच्यामध्ये जाळीची एक भिंत. माणसं ट्रॉलीत बसूच नयेत, हे खरं. जोवर बसतात तोवर ती भिंत हवी.

खर्च कुणी करायचा? 2024 च्या जानेवारीत संपानंतर तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली. ती कामगारांनी लढून मिळवलेली आहे, ती वाहनाच्या दुरुस्तीत खर्ची पडावी असं मी म्हणणार नाही. वाहतूक ही कारखान्याची गरज आहे; टोळी फडात पोचली नाही तर कारखान्याच्या गव्हाणीत ऊस पडत नाही. कारखाना ट्रॅक्टरमालकाशी करार करतो, त्याला आगाऊ रक्कम देतो. त्याच करारात तीन अटी घालता येतील: माणसांसाठी वेगळी बस, सामानाच्या ट्रॉलीला दुचाकीची पन्हळ आणि जाळी, मागे चालू दिवा आणि रिफ्लेक्टर. बसचं भाडं टोळीच्या उचलीतून कापायचं नाही, हेही कागदावर लिहून. साखर आयुक्तालयाने गाळप परवाना देताना या अटी पाहिल्या, तर एका हंगामात फरक दिसेल.

करार होतात ते उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या तोंडावर, पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, टोळ्या परत आल्यावर. उचलही तेव्हाच वाटली जाते. ट्रॉल्या तेव्हा घरी उभ्या असतात, पुढच्या हंगामासाठी त्यांचे पाटे बदलतात, फाळके ठोकतात, रंग देतात. हा लेख वाचणाऱ्या कारखान्याच्या संचालकांनी, ट्रॅक्टरमालकांनी आणि मुकादमांनी मे-जून महिन्याची वेळ धरून ठेवावी. ट्रॉली वेल्डिंगला लावायची तेव्हा टोळीतल्या एकाची मोटरसायकल तिथे घेऊन जावी, तिच्या चाकाची रुंदी मापावी आणि त्या मापाची पन्हळ तिथेच कापून घ्यावी.